कपाटावरच्या कुबड्या

“आठवड्यात तिसऱ्यांदा दोडका. पुस्तक हातात असलं की हिला दुसरी भाजीच सुचत नाही.”

कपाटापलीकडून अक्षरा पुटपुटली. आमच्या खोलीत कपाट हीच भिंत. पलीकडं तिचं टेबल, अलीकडं माझा गॅस. एकीनं कूस बदलली तरी दुसरीला कळतं.

“मला ऐकू येऊन राहिलंय,” मी म्हणाले.

“येऊ दे की. मला वाटलं, तुला पुस्तकातल्यांचंच येतं.”

चार वर्षांपूर्वी, ती अकरावीत गेली तेव्हा आम्ही दोघी जळकोटहून लातूरला आलो. नीटची तयारी तिची, स्वयंपाक माझा. ह्या गल्लीत खोलीखोलीत अशी एक आई आहे. नवरे गावाकडं, रविवारी एसटीनं पिठाचा डबा घेऊन येणारे. अक्षराची नीट बारावीला हुकली, मग दोनदा रिपीटर बॅचमध्ये हुकली.

मागच्या सोमवारी तिनं माझ्यापुढं एक कागद ठेवला. नांदेडला बीएस्सी, हॉस्टेलसकट. पालकाची सही हवी होती, मुदत येत्या सोमवारपर्यंत.

“बघू,” म्हणाले, आणि कागद कपाटावर ठेवला. टेबलावर चुरगाळला असता.

मंगळवारी दुपारी वाचनालयात आमचं मंडळ असतं. आम्ही सात आया आणि रिटायर झालेले दयानंद सर. मी नववी शिकलेली. जळकोटला घरात चौदा माणसं. पुस्तक उघडलं की कुणाला तरी पाणी लागायचं. इथं मात्र पोरगी क्लासला गेली की चार तास माझे. सरांमुळं कळलं की कादंबरीतला बर्फ नुसता बर्फ नसतो. आम्ही बर्फ फक्त फ्रीजमधला बघितलेला, तरी मान डोलावली.

ह्या वेळची कादंबरी परदेशातली, दीडशे वर्षं जुनी. बर्फात अडकलेल्या गावात एक बहीण आपल्या लंगड्या भावाला सांभाळते. सगळी गोष्ट तिच्याच तोंडून. भावासाठी तिनं लग्न केलं नाही, गाव सोडलं नाही.

“आता एकेक चष्मा लावून बघा,” सर म्हणाले. “बाईच्या बाजूनं बघा, पैशाच्या बाजूनं बघा, मनाच्या बाजूनं बघा.”

“पैशाच्या बाजूनं बघते,” उदगीरच्या शांतम्मा म्हणाल्या. “तीनशे पानांत भांडी कोण घासतंय, एकदा तरी लिहिलंय का?”

सगळ्या हसलो. मी बाईचा चष्मा लावला आणि चांगली दहा मिनिटं बोलले. सगळी त्या बहिणीच्या त्यागावर.

सरांनी शांतपणे विचारलं, “पण गंगाबाई, गोष्ट सांगणारीवर भरवसा किती ठेवायचा? पाचव्या प्रकरणात कुबड्या कुठं आहेत?”

पान काढलं. कुबड्या कपाटावर होत्या, भावाचा हात पोचणार नाही इतक्या उंच. तिनंच ठेवलेल्या. कारणही दिलं होतं, तो पडू नये म्हणून.

“अगं बाई,” शांतम्मा म्हणाल्या. “अक्का, ही तर स्वतःचीच सोय बघून राहिली!”

“न्हाई हो! तिची माया आहे,” मी इतक्या जोरात म्हणाले की पलीकडच्या टेबलावरच्या पोरांनी माना वर केल्या.

घरी आले. कपाटाकडं बघितलं नाही. बुधवारी, गुरुवारीही नाही. अक्षरा काही विचारत नव्हती. दोडका मुकाट खात होती, तेच जास्त लागत होतं.

रविवारी हे आले. उमाशंकर, माझे यजमान. कपाळावर विभूती, एका हातात पिठाचा डबा, दुसऱ्या हातात रिपीटर बॅचचा फॉर्म.

“एक वर्ष अजून,” ते खाली मान घालून म्हणाले. “तुझी आई म्हणती, पोरगी जिद्द सोडायला तयार न्हाई.”

अक्षरानं माझ्याकडं बघितलं. “मी असं म्हणाले?”

“लेकरू लाजतंय,” मी म्हणाले. आवाज अगदी त्या बहिणीसारखा. “हॉस्टेलचं जेवण हिला सोसणार न्हाई. मी आहे तोवर...”

“मम्मी, नांदेडचा कागद कुठाय?”

“कसला कागद?” ह्यांनी विचारलं.

खोलीत तिघं होतो आणि तिघांना पुरेल एवढी हवा नव्हती. मी स्टुलावर चढले. कागदावर सहा दिवसांची धूळ बसली होती. पदरानं पुसली. ह्यांच्या हातात दिला.

“उद्या शेवटचा दिवस आहे, सही करा,” मी म्हणाले. “हिला कधीचं जायचं होतं.”

“मग तू फोनवर काय सांगून राहिलतीस? हिचं न्हाई, तर कुणाचं मन होतं इथं राहायचं?”

अक्षरानं हळूच माझा पदर धरला. मला वाचवायला असेल. मी तो सोडवून घेतला.

“माझं,” मी म्हणाले. “मला जळकोटला परत यायचं न्हाई.”