चुंबकाला न चिकटलेलं

पिठाच्या गिरणीत रोज संध्याकाळी काकूंचं शेवटचं काम म्हणजे पन्हाळीच्या तोंडाशी बसवलेलं चुंबक पुसणं. लोखंडाच्या कणांची काळी, तेलकट दाढी त्याला लोंबायची. ती फडक्यात ओढून घेताना सतरा वर्षांत एकदाही त्यांना किळस आल्याशिवाय राहिली नव्हती. मग ‘पीठ पास’ म्हणून पावतीवर त्यांची सही, की पिठाची गाडी सुटली.

आठवड्यापूर्वी गिरणी चालवणाऱ्या पुतण्यानं चाळणीची जुनी लोखंडी जाळी काढून नवी पितळी जाळी बसवली आणि दाढी जवळजवळ नाहीशीच झाली.

“काकू, चुंबकाचा आरसा झालाय आरसा! भांग पाडा त्यात,” तो म्हणाला होता. काकूही हसल्या होत्या.

पण आज जाळी झटकताना बोटाला काहीतरी टोचलं. कडेला वीतभर फाटलेलं. त्यांनी तुटकी तार चुंबकाला लावून पाहिली. टपकन खाली पडली. पितळेला चुंबकाचं कसलं आलंय सोयरसुतक!

काकूंनी थाळीत मूठभर पीठ घेतलं, पाणी घातलं आणि वरचं पांढरं पाणी हलक्या हातानं ओतून टाकत गेल्या. तळाच्या लगद्यात केसासारखे सात पिवळे तुकडे उरले. बाहेर गाडीत चाळीस पोती चढली होती, शाळेच्या स्वयंपाकघरासाठी.

पुतण्यानं थाळीत डोकावल्यासारखं केलं. “चुंबकाला काही लागलंय का? नाही ना? मग पीठ पास. पोरं काय तारा शोधत बसणारेत?”

“देवानं दिलेल्या तोंडानं हे बोलवतं तरी कसं रे तुला?”

काकूंनी लगदा बोटावर घेऊन त्याच्यापुढे धरला. “घे. गिळलंस की सही करते.”

“काहीतरीच काय!”

“का? पास आहे ना?”

ताटात पाल पडावी तसं त्यानं तोंड फिरवलं. दारात उभा असलेला गाडीवाला हे बघत होता. “मालक, तुम्हाला जे गिळवत नाही ते मी पोहोचवू होय?” म्हणत त्यानं पहिलं पोतं खाली ओढलं.

काकूंनी हात धुतले. साबण लावून पुन्हा धुतले. किळस जाईना. परवा शाळेत गेलेलं पीठही याच जाळीतून चाळलेलं होतं, आणि पावतीवर सही त्यांचीच होती.

“आता ते कशाला उकरताय, काकू?” पुतण्या पुटपुटला.

त्यांनी ओल्या हातानंच शाळेचा नंबर लावला.

“हॅलो, गिरणीतून बोलतेय. परवाचं पीठ मळू नका बाई, त्यात तारा आहेत. कुणी तपासलं होतं? मीच.”