उपाशी, जेवणानंतर

२६२

हा आकडा भावकूच्या कागदावर जानेवारीच्या बारा तारखेला आला. डेपोतल्या सगळ्या ड्रायव्हरांची तपासणी होती, त्यात.

वय सत्तेचाळीस, राहणार काकती, बावीस वर्षं लाल बसच्या स्टिअरिंगवर. बेळगाव–निपाणी रस्ता इतका पाठ की झोपेतून उठवून विचारलं तरी कुठल्या वळणाला कुठला गिअर ते सांगेल. आणि रक्तात साखर दोनशे बासष्ट.

डेपोच्या साहेबांनी कागद उलटा केला, सुलटा केला.

"बावीस एप्रिलपर्यंत गाडी बंद. गेटवर बसा. त्या दिवशी परत तपासणी. कागदावर दोन रकाने आहेत. उपाशी असाल तर एकशे तीसच्या आत पाहिजे, जेवून असाल तर एकशे ऐंशीच्या आत. कुठलाही एक भरा. बसलं तर गाडी. नाही बसलं तर कायमचं गेट."

शंभर दिवस.

गेट म्हणजे एक पत्र्याची खुर्ची, एक वही आणि आत-बाहेर जाणाऱ्या गाड्यांचे नंबर. त्याच्या हाताखाली घाट शिकलेली पोरं आता गेटमधून जाताना हॉर्न देत. कुणी आदरानं देई, कुणी मजेनं. हॉर्न दोन्हीचा सारखाच वाजतो.

आता, दोनशे बासष्टच्या आधीची एक गोष्ट.

डिसेंबरात तवंदी घाट उतरताना भावकूच्या डोळ्यांपुढं दूध सांडल्यासारखं झालं होतं. दोन सेकंद. फार तर तीन. गाडीत बावन्न माणसं, समोरून उसाचा ट्रॅक्टर. बस कठड्याला घासली, मग सरळ झाली. कंडक्टर यल्लाप्पा पुढच्या दाराशी होता.

"डुलकी लागली काय रं?"

"व्हय," भावकू म्हणाला.

डुलकी नव्हती. हे फक्त भावकूला माहीत होतं.

२६२, अजून

घरी मुलीनं, दिपालीनं, स्वयंपाकघरातलं कॅलेंडर ताब्यात घेतलं. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. अक्षर बारीक आणि दया नाही.

*१५ जाने. संक्रांत. तिळगूळ : अप्पांच्या मते १. आईच्या मते ९.*

*१६ जाने. चालणं : डोंगराच्या पायथ्यापर्यंत. अप्पांच्या मते ५० मिनिटं. मी सायकलवर मागं होते. २०. बाकी वेळ कट्ट्यावर.*

*२ फेब्रु. जोंधळ्याची भाकरी २, मेथी, मोडाची मटकी, ताक. भात नाही. अप्पा बोलत नाहीत.*

*३ फेब्रु. अप्पा अजून बोलत नाहीत.*

*४ फेब्रु. बोलले. "मीठ कुठाय?"*

*१९ फेब्रु. तपासलं. १९८. अप्पा हसले. मग म्हणाले, हसलो न्हाय.*

*१ मार्च ते*

इथं कॅलेंडरचा तुकडा फाटलेला आहे. भावकूनंच फाडला.

त्या आठवड्यात झालं असं की नव्या पोरानं, तेवीस वर्षांच्या, त्याची जुनी गाडी गेटमधून नेली आणि गिअर असा टाकला की भावकूच्या दातांना लागला. संध्याकाळी तो कुंद्याचा डबा घेऊन गेटच्या खोलीत बसला. अर्धा किलो. चव लागत होती तोवर खाल्ला, लागायची बंद झाली तरी खाल्ला. दुसऱ्या दिवशी चालायला गेला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. दूध भाजून साखर घातली की माणसाला कुंदा एवढा का आवडतो, हे जर कुणाला सांगता आलं असतं तर भावकूलाच आलं असतं. पण त्याला कुणी विचारत नव्हतं.

डबा मालूला सापडला, त्याच्या पिशवीत. ती काही म्हणाली नाही. बायको काही म्हणाली नाही म्हणजे काय, हे लग्न झालेल्या माणसाला सांगायला नको.

सातव्या दिवशी पहाटे साडेपाचला ती उंबऱ्यात उभी होती. पदर खोचलेला, डोक्याला मफलर. तिला साखर नव्हती. तिचे गुडघे दुखत.

"तू कुठं?"

"तुमच्यासंगं."

"गुडघं?"

"माझं गुडघं मी बगते. तुमी तुमची साखर बगा."

सरकारी शाळा आली. मग मालू म्हणाली, "अवो, चालताय का म्हशी राखताय? जरा पाय उचला की."

त्यानं पाय उचलले. ती मागं पडली, तरी मागून बोलत राहिली. पुढचा दीड महिना तो त्या बोलण्याच्या पुढंपुढं चालला. पट्ट्याला दोन नवी भोकं पाडावी लागली. भात रविवारी, मुठीएवढा, मूठ दिपालीची. गेटवर चहा आला की तो कप उलटा ठेवी. आणि रोज रात्री, डोळे मिटले की, तवंदीचा कठडा.

बावीस एप्रिल, आठ वाजून दहा मिनिटं

दवाखान्याच्या खिडकीत बसलेली बाई कानडी होती. हसरी होती. समोर वीस माणसांची रांग होती, त्यामुळं हसणं आणि सुई एकाच वेळी चाललं होतं. भावकूच्या पोटात रात्री आठपासून पाण्याशिवाय काही नव्हतं. दंडाला रबरी पट्टा बसला. त्यानं नजर भिंतीकडं वळवली.

"ऊटा आयता?" बाईनं विचारलं.

जेवण झालं का.

सीमेवरच्या या पट्ट्यात हा प्रश्न नसतो. हा नमस्कार असतो. एसटी स्टँडवर, पिठाच्या गिरणीत, मयताच्या घरीसुद्धा, भेटलं की आधी हे. आणि याला उत्तर एकच. झालं. चार दिवसांचा उपाशी माणूसही झालं म्हणतो, कारण नाही म्हटलं तर समोरच्याला ताट मांडावं लागेल. भावकूनं हे उत्तर सत्तेचाळीस वर्षं दिलं होतं. विचार करून एकदाही नाही.

"आयतु री," तो म्हणाला. झालं बाई.

सुई आत गेली. बाईनं डाव्या हातानं कागदावर एक खूण केली.

१४६

रक्त दिल्यावर त्यानं बाहेर कडुनिंबाखाली डबा उघडला. भाकरी, घेवड्याची भाजी, काकडी. नीट चावून खाल्लं. दहाला कागद हातात आला.

एकशे सेहेचाळीस.

सोळा जास्त. त्यानं परत वाचलं. आकडा हलला नाही. शंभर दिवस, पट्ट्याची दोन भोकं, मालूचे गुडघे, आणि सोळा. त्याला एकदम पत्र्याची खुर्ची दिसली. दुपारच्या उन्हात तापलेली, त्याच्या बुडाच्या आकाराची झालेली. कायमची.

डॉक्टरांच्या खोलीत तो खाली मान घालून गेला. डॉक्टर कागद बघत होते.

"छान आहे की."

भावकूनं मान वर केली.

"जेवल्यावर एकशे सेहेचाळीस म्हणजे छान. अजून तीस-चाळीस चाललं असतं. काय करता?"

"चालतो."

"चालत राहा." शिक्का बसला. *गाडी चालवण्यास पात्र.*

शिक्क्याच्या वर दोन रकाने होते. *उपाशी.* *जेवणानंतर.* खूण दुसऱ्यात होती.

मग त्याला कळलं. सुई, भिंत, ऊटा आयता, आयतु. सगळं एका ओळीत येऊन उभं राहिलं.

"सर—"

"हं?"

बाहेर पुढच्याचं नाव पुकारलं गेलं.

"काय न्हाय," भावकू म्हणाला.

१४६, डेपोत

साहेबांनी कागद बघितला, ड्युटीची चिठ्ठी फाडून दिली. *उद्या सकाळी सव्वासहा. निपाणी. कंडक्टर यल्लाप्पा.*

"वजन पण उतरलंय तुमचं. बाकीच्यांना दाखवायला पाहिजे तुम्हाला."

भावकूनं चिठ्ठी वरच्या खिशात ठेवली. छातीशी ती गरम लागत होती, की छातीच गरम होती. मालूचा फोन आला. तो म्हणाला, मिळाली गाडी. तिनं फोन तसाच हातात धरून शेजारणीला सांगितलं, शेजारणीनं पुढं कुणाला तरी. मग मालू परत फोनवर आली.

"अवो, आवाज असा का लागतोय?"

"गाड्यांचा दंगा हाय हितं."

गाडी एकही चालू नव्हती.

कँटीनमध्ये यल्लाप्पा बसला होता. सोळा वर्षं एका गाडीवर. भावकूला बघून त्यानं बाक झटकला.

"या ड्रायव्हरसाहेब. बिनसाखरेचा सांगतो. तुझ्या पायी मालकानं येगळी किटली ठेवलीया, पण ती कोण पीत न्हाय बघ. माश्यासुदीक येत न्हाईत तिच्यावर."

भावकू बसला. आणि सांगितलं. खिडकी, बाई, आयतु, चुकलेला रकाना. हळू आवाजात, टेबलाकडं बघत.

यल्लाप्पा आधी हसला. पोट धरून, डोळ्यांना पाणी येईपर्यंत.

"आयतु म्हणालास? सुई खुपसताना? अरं, मी बी तेच म्हणालो असतो."

"मग काय करू?"

"काय करायचंय? कागद काय म्हणतोय?"

"जेवनानंतर."

"मग तू कागदापरास शाणा काय? दोनशे बासष्टवरनं उतरलास. सोळा आकड्यांनी कोन मरतंय रं. गप चहा पी."

चहा आला. भावकूनं कपाला हात लावला नाही.

"यल्ल्या, तवंदीत डुलकी नव्हती."

"कवा?"

"डिसेंबरात. ट्रॅक्टर आलता तवा. डोळ्यांफुडं पांढरं झालतं. कायच दिसत न्हवतं. स्टिअरिंग सवयीनं फिरलं."

यल्लाप्पा कपात चमचा फिरवत होता. फिरवत राहिला. साखर कधीच विरघळली होती.

"आता हुतंय तसं?"

"न्हाय. जानेवारीपास्नं एकदाबी न्हाय."

"मग झालं तर."

"व्हय."

"झालं तर मग," यल्लाप्पा परत म्हणाला. त्यानं हात पुढं केला, चिठ्ठी मागितली, वाचली. परत दिली. "माझंच नाव हाय की."

"तुझंच."

कँटीनवाल्यानं दोन टेबलं पुसली.

"उद्या मी रजा टाकतो," यल्लाप्पा म्हणाला.

"का?"

"पोरीच्या शाळंत काम हाय जरा."

"उद्या रविवार हाय, यल्ल्या."

यल्लाप्पानं कप उचलला. त्यात काही उरलं नव्हतं तरी तोंडाला लावला, आणि तोंडावर तसाच धरून ठेवला.

भावकू उठला.

१४६, खोडून

खिडकीतल्या बाईनं आधी ऐकलंच नाही. मग ऐकलं आणि तिचं हसू गेलं.

"नीवे आयतु अंद्री," ती म्हणाली. तुम्हीच झालं म्हणालात.

"म्हणालो. तोंडात बसलंय ते. जेवलो नव्हतो."

"आता बदलता येत नाही. डॉक्टरांनी सही केली." हे तिनं मराठीत सांगितलं. दोन्ही भाषांत तिला भीती वाटत होती.

"चूक माझी हाय. माझ्या नावानं ल्ह्या."

डॉक्टरांनी कागद दुसऱ्यांदा घेतला. चष्मा काढून भावकूकडं बघितलं.

"तुम्ही गप्प बसला असता तर कुणाला कळलं नसतं."

"कंडक्टरला कळलंय," भावकू म्हणाला.

डॉक्टरांना यातलं काही समजलं नाही. पण डोळ्यांपुढं पांढरं आल्याचं भावकूनं सांगितलं तेव्हा त्यांनी पेन उघडलं. डोळ्यांच्या तपासणीची वेगळी चिठ्ठी लिहिली. मग खूण खोडली, *उपाशी*च्या रकान्यात केली, शिक्क्यावर आडवी रेघ मारली, खाली लिहिलं : *तूर्त अपात्र. एका महिन्यानं पुन्हा.*

डेपोपर्यंत तो चालत आला. ऊन डोक्यावर होतं. एकदा परत फिरावंसं वाटलं, पण परत फिरून जायला जागाच नव्हती, दोन्हीकडं हाच कागद होता.

साहेबांनी कागद टेबलावर सपाट केला. बोटानं रेघ चाचपली.

"जानेवारीत मी काय सांगितलं होतं?"

"न्हाय बसलं तर कायमचं गेट."

"मग?"

भावकू उभाच. साहेबांनी ड्युटीची चिठ्ठी मागून घेतली, त्याचं नाव खोडून नव्या पोराचं लिहिलं, शिपायाला दिली. शिपाई गेला. चिठ्ठी गेली. भावकूनं ती जाताना बघितली, दारापर्यंत.

"डॉक्टर महिना लिहितो," साहेब म्हणाले. "त्याचं काय जातं. डेपो मला चालवायचाय. ड्रायव्हर आहेत कुठं?" त्यांनी जानेवारीचा कागद फाइलीतून काढला, आजच्या शेजारी ठेवला. दोनशे बासष्ट. एकशे सेहेचाळीस. दोन्हीकडं बघत बसले.

"एकदाच," ते शेवटी म्हणाले. "यानंतर नाही. आणि डोळ्यांचा कागदही लागेल. पंचवीस मे."

"बावीस करा, सायेब."

"अहो, तीन दिवस जास्त देतोय तुम्हाला."

"बावीसच. एकवीसला मेव्हण्याच्या पोराचं लगीन हाय."

साहेबांना वाटलं त्यांच्या ऐकण्यात चूक झाली. "लग्नाच्या दुसऱ्या दिवशी? त्यापेक्षा चार दिवस जाऊ दे की मधे."

"जिलबी वाढायला मेव्हणा सोता उबा ऱ्हातोय," भावकू म्हणाला. "त्याला न्हाय म्हणायला कायतरी पायजे."

साहेबांनी पंचवीस खोडलं.