सहाकडे झुकलेला फासा

मित्रांनो, मला तोंडं सहा आहेत, पण आजवर मी त्यातलं एकही उघडलेलं नाही. ज्याचं दान चांगलं पडलं तो म्हणायचा, फासा गुणी आहे. ज्याचं वाईट पडलं तो म्हणायचा, फासा मेला दळभद्री. दोघांचंही मी मुकाट ऐकून घेतलं. पण भर वर्गात, फळ्यासमोर, पोराटोरांच्या देखत माझ्या चारित्र्याची चर्चा झाली, त्यानंतर गप्प बसणं काही माझ्यानं होणार नाही. मी एक जुना लाकडी फासा आहे आणि आज मी बोलणार आहे.

माझा जन्म एका सुताराच्या पायाशी झाला. म्हणजे वर एक खुर्ची घडत होती, तिच्या पायाचा एक तुकडा उरला आणि खाली पडला, तोच मी. सुतारानं मला उचललं, तासलं, पॉलिशपेपरनं घासलं आणि गिरमिटानं अंगावर ठिपके पाडायला घेतले. सहाचे सहा झाले, पाचाचे पाच झाले, सगळं सुरळीत चाललं होतं. शेवटी एकाचा ठिपका राहिला. एकच तर आहे, म्हणून त्याचं लक्ष उडालं. शेजाऱ्याशी गप्पा हाणता हाणता त्यानं गिरमिट नको तितकं आत घातलं. "अरेच्चा!" म्हणाला, इकडेतिकडे बघितलं आणि त्या भोकात जाड डोक्याची एक चूक ठोकून दिली. मित्रांनो, सुतार लोक बारीक खिळ्याला चूक म्हणतात. वरून काळा रंग फासला की काम झालं. मला मात्र वाटलं, बाकीच्यांना नुसते ठिपके आहेत, मला आतून दागिना केलाय! त्या चुकीच्या तोऱ्यात मी कित्येक वर्षं काढली.

पुढे एका खेळण्यांच्या दुकानात मी टोपलीत पडून होतो. तिथे काका आले. तेव्हा ते कुणाचे काका नव्हते, नुकतेच चष्म्याच्या दुकानात कामाला लागलेले एक हौशी तरुण होते. घरच्या सापशिडीचा फासा हरवला होता म्हणून नवा घ्यायला आले होते. त्यांनी टोपलीतला एकेक फासा काचेवर टाकून बघितला. कुणी दोन दाखवले, कुणी तीन. मी धाडकन सहा दाखवले. "हा आपला!" काका म्हणाले आणि मी त्यांच्या खिशात बसून घरी आलो.

ते दिवस सोन्याचे होते. काका मला दोन्ही तळव्यांत घोळवायचे, डोळे मिटून फुंकर मारायचे आणि म्हणायचे, "ये रे बाबा, सहा!" मी यायचो. नेहमी नाही, पण यायचो. घरात बोलबाला झाला की काकांचा हातगुण भारी. पाहुणे आले की काकांना दोन दानं टाकून दाखवायला सांगायचे. दुकानातही ते म्हणे गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा ठेवण्याआधी फुंकर मारायचे. चष्म्याचा नंबर डॉक्टर ठरवायचा, पण लोक श्रेय काकांच्या हातगुणाला द्यायचे.

मग त्यांची पुतणी जन्मली. घरात सगळ्यात धाकटी, म्हणून तिला सगळे बारकी म्हणायचे. आधी ती खेळात लिंबूटिंबू होती, नंतर रडीचा डाव खेळायला लागली आणि मग रीतसर हरायला शिकली. तिला मी फारसा पावलो नाही, कारण पटावर बसलं की काका मला सोडतच नसत. पुढे घरात मोबाइल आले. सापशिडीचा डबा कपाटावर गेला, त्यावर इस्त्री बसली, इस्त्रीवर धूळ बसली. मला वाटलं, झालं, आपलं आयुष्य संपलं.

नाही संपलं. एका संध्याकाळी डबा उघडला आणि हायस्कूलच्या गणवेशातली बारकी म्हणाली, "सापडला!"

तिला संख्याशास्त्राचा गृहपाठ होता. फासा शंभर वेळा टाकायचा, कोणतं दान किती वेळा पडलं त्याची नोंद करायची. गृहपाठ साधा होता, पण प्रसंग बाका होता. मागच्या चाचणीत बारकीनं मध्याला मध्यक म्हटलं होतं आणि मध्यकाला काय म्हणावं ते न सुचून जागा कोरी सोडली होती. आता शुक्रवारी फेरचाचणी होती. बाईंनी बजावलं होतं, ज्याचा गृहपाठ पूर्ण आणि खरा, तोच चाचणीला बसेल. जो बसणार नाही, त्याला हा विषय पुढच्या वर्षी पुन्हा. आणि पुढच्या वर्षी पुन्हा, ही कल्पना बारकीला आणि बाईंना दोघींनाही सोसणारी नव्हती.

अभ्यास काकांनी घ्यायला घेतला. हेही संकटच.

"बहुलक म्हणजे काय ते सांग," काका पुस्तक लांब धरून म्हणाले. दुसऱ्यांना चष्मे देतात, स्वतः लावत नाहीत.

"जो सगळ्यात जास्त वेळा येतो तो."

"म्हणजे आपल्याकडे तुझी आत्या."

"काका!"

"अगं, असंच लक्षात राहतं. आणि मध्यक?"

"सगळे क्रमानं लावले की मधोमध बसतो तो."

"मग सोफ्यावर मी. बघ, किती सोपं आहे!"

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "भावजी, तिला पास व्हायचंय, घरचा फोटो नाही काढायचा."

मग प्रयोग सुरू झाला. काकांनी सवयीनं हात पुढे केला, "दे, मी टाकतो." बारकीनं मला मुठीत घट्ट धरलं. "नको काका. तुमचा हातगुण लागला तर प्रयोग बिघडेल." काकांना राग आला आणि अभिमानही वाटला. ते लांब खुर्चीवर जाऊन बसले आणि तिथून चोरून फुंकर मारत राहिले.

शंभर दानं पडली. सहा एकतीस वेळा आणि एक फक्त सात वेळा. बारकी चक्रावली. पुस्तकात तर लिहिलं होतं, सगळी दानं जवळजवळ सारखी यायला हवीत. तिनं परत शंभर वेळा टाकलं. पुन्हा तोच प्रकार. मी टेबलावर आपटून आपटून अर्धमेला झालो.

आई म्हणाली, "अगं, सरळ सोळा-सतरा लिहून टाक ना सगळ्यांपुढे. कोण बघायला येतंय?"

"आई, मग फासा टाकायचाच कशाला?" बारकी म्हणाली आणि जे पडलं होतं तेच लिहिलं. खरं सांगतो, त्या क्षणी मला ती पोरगी आवडली. इतकी वर्षं मी तिला धड एक सहा दिला नव्हता, याचं वाईटही वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या कंपासपेटीतून वर्गात गेलो. आधी उभा राहिला तो वर्गातला सगळ्यात हुशार मुलगा. त्याला सगळे प्रोफेसर म्हणत. त्याची दानं अशी पडली होती: सोळा, सतरा, सतरा, सोळा, सतरा, सतरा. बाई खूश झाल्या. बाकीच्यांचेही आकडे एकमेकांच्या चुलत भावांसारखे. मग बारकीची वही आली आणि बाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"सहा एकतीस वेळा? हे काय घरी बसून ठोकून दिलंस?"

ठोकलं होतं, मित्रांनो, पण तिनं नव्हे.

"नाही बाई. असंच पडलं." बारकीचा आवाज बारीक झाला.

"असं पडत नाही. पुस्तकात स्पष्ट लिहिलंय, निःपक्षपाती फासा घ्यावा. तुझा काय पक्षपाती आहे?"

वर्ग खो खो हसला. माझ्या सहाही तोंडांना काळं फासल्यासारखं झालं. पक्षपाती! ज्यानं राजाचं आणि रंकाचं दान एकाच टेबलावर टाकलं, तो मी पक्षपाती!

"खोटा गृहपाठ मी घेणार नाही," बाई म्हणाल्या. "चाचणीचं नंतर बघू."

बारकीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. पण ती खाली बसली नाही. तिनं कंपासपेटी उघडली आणि मला बाईंच्या टेबलावर ठेवलं. "बाई, हाच फासा आहे. तुम्हीच टाकून बघा."

आता माझी अवस्था बघा. मी सहा दाखवले तर मी पक्षपाती, जन्माचा बदनाम. नाही दाखवले तर बारकी खोटी, विषय गेला, वर्ष गेलं. खरं तर फाशाच्या हातात काही नसतं. हातच नसतात. पण मनात काय मागावं, ते तरी आपलं असतं की नाही? माझी इज्जत मागू की तिची?

बाईंनी मला उचललं आणि टाकलं. एक. वर्ग हसला. पुन्हा टाकलं. चार. मग दोन. बारकीचा चेहरा पांढरा पडला आणि माझा सगळा गर्व-बिर्व कुठल्या कुठे पळाला. जाऊ दे माझी अब्रू, मी म्हटलं, पडू दे सहा!

"बाई, सिद्धच झालं," प्रोफेसर म्हणाला.

बारकीनं बाहीनं नाक पुसलं. "तीन दानांत काय सिद्ध होतं? बाई, तुम्हीच सांगितलं होतं, थोड्या नोंदींवरून निष्कर्ष काढायचा नाही. शंभर तरी होऊ देत."

बाईंच्या भुवया वर गेल्या. मध्याला मध्यक म्हणणारी ही मुलगी वर्गात ऐकत होती, हे त्यांना नवीनच होतं. त्यांनी खडू घेतला. "या रे, एकेकानं येऊन टाका."

सगळे आले. कुणी मला हळू टाकलं, कुणी भिरकावलं, एकानं तर थेट कचऱ्याच्या डब्यामागे पाठवलं, तिथून काढून पुन्हा टाकलं. बाई फळ्यावर ताळ्याच्या खुणा करत होत्या. चार उभ्या रेघा, वर एक आडवी. सहाची ओळ वाढत वाढत सुविचारापर्यंत पोचली, तेव्हा बाईंनी सुविचार पुसला आणि पुढे लिहिलं. हसणं केव्हाच थांबलं होतं. शेवटी तर मुलं ओरडायला लागली, "सहा! सहा!" आणि मी काकांच्या हातात असल्यासारखा यायला लागलो. शंभर झाली तेव्हा सहाची दानं अठ्ठावीस भरली.

बाईंनी मला डोळ्यांजवळ नेलं आणि एकाच्या ठिपक्यावर नख घासलं. रंगाचा पोपडा उडाला, आत काहीतरी चकाकलं.

"अगं, यात चूक आहे!" बाई म्हणाल्या.

"आम्ही म्हणतच होतो!" सगळा वर्ग एका सुरात ओरडला.

"अरे, ती चूक नाही! चूक म्हणजे खिळा! बारीक खिळा ठोकलाय इथे. एकाची बाजू जड आहे, म्हणून ती खाली जाते आणि सहा वर येतात."

तर मित्रांनो, माझा दागिना तो हा असा निघाला. पण मला लाज वाटायला वेळच मिळाला नाही, कारण बाई बारकीसमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "मी तुला खोटी म्हटलं. माझं चुकलं. चाचणीला बस." मग त्या वळल्या. "काय रे प्रोफेसर, तुझा फासा कुठे आहे? जरा बघू दे, इतका शिस्तीचा फासा मी पाहिला नाही."

"बाई, तो... तो लहान भावानं गिळला."

"शंभर वेळा टाकण्याआधी की नंतर?"

प्रोफेसरनं वही दप्तरात घातली. सगळ्या वर्गाला गृहपाठ पुन्हा करायला मिळाला आणि सगळ्या वर्गानं माझ्याकडे असं बघितलं की मी आपणहून कंपासपेटीत जाण्याची इच्छा धरली.

घरी काकांना सांगायचं काम कठीण होतं. बारकीनं हळूहळू, आडवळणानं सांगितलं. काका म्हणाले, "म्हणजे माझा हातगुण..." त्यांनी मला उचललं, फुंकर न मारता टाकलं. दोन पडले. "बघ! तुझ्या बाईंना काय कळतंय?" ते म्हणाले, पण आवाजात जीव नव्हता.

बारकी त्यांच्याशेजारी बसली. "काका, टोपलीभर फाशांतून हा कुणी निवडला?"

"मी."

"मग झालं तर. गुण हाताचाच."

काकांनी थोडा विचार केला आणि दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

शुक्रवारी चाचणी झाली. बारकीनं मध्यकात परत माती खाल्ली, पण बाकीचं बरं लिहिलं आणि पास झाली. निकालाच्या दिवशी आईनं आवराआवर काढली. डबा हातात घेऊन म्हणाली, "हा खोटा फासा कशाला ठेवायचा आता? टाकून दे. नवीन आणू, बिनचुकीचा."

मला धडकी भरली. पण बारकीनं मला तिच्या हातातून काढून घेतलं.

"नाही आई. सगळा वर्ग मला खोटी म्हणत होता ना, तेव्हा हा एकटा माझ्या बाजूनं पडला."

मित्रांनो, तेव्हापासून कुणी मला पक्षपाती म्हटलं की मी मान खाली घालत नाही. परीक्षेत तुम्ही निःपक्षपाती फाशाबद्दलच लिहा, त्याचे गुण मिळतात. वहीत आकडे पडतील तसेच लिहा, मग ते कितीही वेडेवाकडे दिसोत. पण खरं बोलणारं कुणी वर्गात एकटं उभं असेल आणि बाकीचे हसत असतील, तर तुम्ही त्याच्या बाजूनं पडा. आणि आमच्यासारख्या जुन्या, जरा कललेल्या फाशांना खुशाल टाका, हवं तितक्या वेळा टाका. टाकून मात्र देऊ नका.