पांढऱ्या कपड्यांत फ्री हिट नसते

झेल पकडला गेला तेव्हा टारीक गिटन्स हसत होता.

आधीच्या चेंडूवर गयानाचा गोलंदाज क्विन्सी अडोनिस याचा पाय रेषेपुढे पडला होता. पंचांनी हात आडवा करून नोबॉल दिला आणि पुढचं सगळं टारीकच्या खांद्यांनीच ठरवून टाकलं. गेली काही वर्षं बार्बाडोसचा हा फलंदाज टोरँटोपासून दुबईपर्यंत वीस-वीस षटकांचं क्रिकेट खेळत फिरत होता. तिथे नोबॉलनंतरचा चेंडू म्हणजे फ्री हिट. कसाही मारा, झेल घेतला गेला तरी फलंदाज बाद नाही. टारीकने डावा पाय बाजूला काढला आणि बॅट फिरवली. चेंडू उंच गेला आणि सीमारेषेजवळच्या क्षेत्ररक्षकाने तो ओंजळीत घेतला. टारीक रमतगमत एक धाव काढायला निघाला. गयानाचे खेळाडू एकमेकांच्या अंगावर पडताना पाहून त्याला त्यांची कीव आली.

"कुठे निघालास?" यष्टिरक्षक देवनाथ पर्सॉदने मागून विचारलं.

"रन काढतोय."

"काढ की. पॅव्हेलियनच्या दिशेने काढ, म्हणजे परत चालायला नको."

टारीकने पंचांकडे पाहिलं. मिस्टर इनिस बोट वर करून उभे होते. चेहऱ्यावर राग नव्हता, हसूही नव्हतं.

"पोरा," ते म्हणाले, "पांढऱ्या कपड्यांत फ्री हिट नसते."

हे टारीकला माहीत नव्हतं असं नाही. लहानपणापासून माहीत होतं. फक्त त्या क्षणी त्याच्या अंगाला माहीत नव्हतं.

बार्बाडोसच्या सेंट लूसी भागातल्या त्या मैदानावर मेहॉगनीच्या झाडाखाली डॉमिनोजचं एक टेबल असतं. सामना असो वा नसो, तिथे चार जण बसलेले असतात आणि सोंगटी टेबलावर अशी आपटतात की फळी फुटली असं वाटावं. मिस इओना हे त्या टेबलाचं मुख्य माणूस. टारीक जवळून गेला तेव्हा तिने हातातली सोंगटी आपटली आणि म्हणाली, "या, फ्री हिट. बसा. फिशकेक गरम आहेत."

बार्बाडोसमध्ये एकदा पडलेलं नाव माणूस मेला तरी सुटत नाही. संध्याकाळपर्यंत त्या झेलाचा व्हिडिओ साऱ्या बेटांवर पोचला होता.

तिसऱ्या दिवसाचा खेळ संपल्यावर प्रशिक्षक लॅश्ली त्याच्याशेजारी बाकावर येऊन बसले. वेस्ट इंडीजचा कसोटी संघ निवडणाऱ्यांत तेही होते आणि संघ पुढच्या महिन्यात इंग्लंडला जायचा होता.

"तुझं नाव मी सुचवलं होतं," लॅश्ली म्हणाले. "बाकीच्यांनी मला व्हिडिओ दाखवला. दोनदा दाखवला."

टारीक बुटाची नाडी सोडत राहिला.

"उद्या शेवटचा दिवस. अख्खा दिवस बॅटिंग करायची आहे. जिंकणं सोड, मॅच वाचली तरी पुष्कळ. संध्याकाळी स्टंप उपटतील तेव्हा तू तिथे उभा असलास, तर मला त्यांच्यापुढे काहीतरी बोलता येईल."

"म्हणजे मारायचं नाही?"

"असं मी म्हटलं का? तुझे हात चांगले आहेत, म्हणून तर नाव सुचवलं. ते दिवसभर पुरतात का, एवढंच मला माहीत नाही."

चौथ्या दिवशी जेवणाच्या बऱ्याच आधी टारीक मैदानात उतरला. झाडाखालून "फ्री हिट" अशी हाक आली आणि टेबल दणाणलं. दुसऱ्या टोकाला सलामीचा ऑस्बर्न बॅब खेळत होता. बॅबची दाढी कानांजवळ पिकली होती. जगातल्या कुठल्याही लीगने त्याला कधी बोलावलं नव्हतं आणि त्यानेही कुणाकडे चौकशी केली नव्हती.

पहिला तासभर टारीकला फार जड गेला. प्रत्येक चेंडूबरोबर धावफलकाकडे नजर जायची. धाव निघाली नाही की काहीतरी वाया गेल्यासारखं वाटायचं, हात शिवशिवायचे. दोनदा बॅट चेंडूमागे गेली आणि कड लागता लागता राहिली.

"वास घेतोय चेंडूचा," पर्सॉद मागून म्हणाला. "घे घे, चव पण लागेल. क्विन्सी, याला एक नोबॉल टाक रे. बिचारा वाट बघतोय."

मग कधीतरी, दुसरं काही करण्यासारखं नव्हतं म्हणून, टारीक बॅबकडे बघू लागला.

बॅब चेंडू सोडत होता. चेंडू सोडणं म्हणजे काही न करणं, असं टारीकचं आजवरचं मत होतं. आता पलीकडच्या टोकावरून त्याला दिसलं की बॅब पुष्कळ काही करतोय. मागचा पाय यष्टीसमोर यायचा. डोकं चेंडूच्या रेषेवर जायचं. बॅट पुढे निघायची, अगदी खेळणार असं वाटायचं, आणि शेवटच्या क्षणी हात वर व्हायचे. चेंडू यष्टीला चाटून गेल्यासारखा जवळून जायचा. बॅबची नजर त्याला पर्सॉदच्या हातमोज्यांपर्यंत सोडून यायची, पाहुण्याला फाटकापर्यंत सोडायला जावं तशी. पुढच्या चेंडूला पुन्हा तेच. चेंडू आणि यष्टी यांच्यात बोटभर जागा असायची, आणि ती बोटभरच असायची.

अडोनिस ताशी नव्वद मैलांच्या आसपास टाकत होता. एवढ्या वेगात एवढी बारीक मापं कुणी काढू शकतं, हे टारीकने आजवर पाहिलं नव्हतं. म्हणजे डोळ्यांसमोर घडलं असेल, पण पाहिलं नव्हतं.

षटक संपल्यावर तो खेळपट्टीच्या मध्यावर गेला.

"मिस्टर बॅब, तुम्हाला कळतं कसं?"

"काय?"

"बॉल स्टंपवर येणार नाही ते."

"सकाळपासून बघतोय त्याला. इतका वेळ बघितल्यावर कुणाचंही कळतं," बॅब म्हणाला. "बायकोचं सोडून." मग त्याने बॅटने झाडाकडे खूण केली. "ऐक. काय ऐकू येतंय?"

"काही नाही."

"तेच. टेबल थांबलंय."

खरंच थांबलं होतं. चार माणसं सोंगट्या हातात धरून खेळपट्टीकडे बघत होती.

"ते कुणासाठी थांबत नाहीत," बॅब म्हणाला. "पाऊस आला तरी छत्री धरून आपटतात. त्यांना नीट ऐकायचं असेल तेव्हाच थांबतात."

"काय ऐकायचं असतं?"

"न लागलेला बॉल. आता तू स्ट्राइकवर गेलास की बघ, परत सुरू करतील."

टारीक स्ट्राइकवर गेला आणि टेबल दणाणलं.

जेवणानंतर समुद्राकडचा वारा फिरला. टारीकला ते अडोनिसच्या धावण्यावरून समजलं. तो आता शेवटची पावलं जरा जास्त जोरात टाकत होता. खेळपट्टीवरच्या एका भेगेची कड सकाळी धारदार होती, ती आता भुसभुशीत झाली होती. तिच्या अलीकडे पडलेला चेंडू उसळून वळायचा, पलीकडे पडलेला खाली बसायचा. गयानाचा फिरकीपटू दर वेळी गोलंदाजीला आला की पहिले काही चेंडू मुद्दाम आखूड टाकायचा आणि मग भेग शोधायचा. हे सगळं कुणीतरी एकदम उघडून दाखवावं तसं टारीकला दिसत होतं. वीस षटकांत या गोष्टी घडायला वेळच मिळत नाही. एक दिवस एवढा मोठा असतो, त्यात एवढं काही मावतं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. हात शिवशिवायचे कधी थांबले ते कळलं नाही. त्याने एक चेंडू सोडला, मग आणखी एक. धावफलक होता तिथेच होता, पण त्याच्याकडे बघायचं राहून गेलं.

चहाच्या जरासं आधी बॅब गेला. चेंडू भेगेत बसला आणि घोट्याच्या उंचीने यष्टीवर आला. त्याला कुणी काही करू शकलं नसतं. बॅब क्षणभर त्या जागेकडे कौतुकाने बघत राहिला, मग टारीकच्या जवळून जाताना म्हणाला, "मला भूक लागली होतीच. तू थांब."

चहानंतर एकेक फलंदाज येत-जात राहिला. शेवटी अकरावा डेमारी फोर्ड आला, साडेसहा फुटी, दुसऱ्यांच्या बरगड्या मोडणारा वेगवान गोलंदाज. स्वतः बॅट धरली की तो भूत बघितल्यासारखा दिसतो.

"मी काय करू?" त्याने विचारलं.

"काही करू नकोस."

"ते मला जमतं."

"मी ‘पळ’ म्हटलं की पळायचं. विचारायचं नाही."

आता टारीकच्या परदेशातल्या वर्षांना काम मिळालं. षटकाच्या शेवटच्या चेंडूवर एक धाव काढून स्ट्राइक स्वतःकडे ठेवायची होती. गयानाच्या कर्णधाराला ते ठाऊक होतं, म्हणून त्याने सगळ्यांना जवळ आणलं. टारीकने अशी कोंडाळी पुष्कळ पाहिली होती. त्याने एकदा चेंडू यष्टिरक्षकाच्या डोक्यावरून चमच्याने उचलावा तसा उचलला. एकदा मनगट उलटं फिरवून दोघांच्या मधून ढकलला. एकदा चेंडू पायाशीच मारला आणि "पळ" म्हणाला. फोर्डची भली मोठी बॅट रेषेवर पोचली आणि यष्ट्या उडाल्या, पण अर्ध्या श्वासाने उशिरा.

"हे तुझ्या त्या कॅनडाच्या सर्कशीत शिकवतात?" पर्सॉदने विचारलं.

"हो."

"आम्हाला कुणी बोलवत नाही," पर्सॉद खऱ्या खेदाने म्हणाला.

शेवटचं षटक अडोनिसने टाकलं. त्याच्या शर्टाचा रंग मातीचा झाला होता. दिवसभर धावूनही तो पहिल्या षटकासारखा धावत आला, आणि टारीकला त्याच्याबद्दल काहीतरी वाटलं, जे प्रतिस्पर्ध्याबद्दल वाटायला नको होतं. पाच चेंडू गेले. काही अडवले, काही सोडले. सहावा आत आला, टारीकने तो बॅटखाली दाबला. फोर्डने दोन्ही हात वर केले. पॅव्हेलियनमध्ये लोक उठले.

मिस्टर इनिस यांचा हात आडवा होता. नोबॉल. आणखी एक चेंडू टाकावा लागणार होता.

आधी कुणाला कळलं नाही. कळलं तेव्हा मैदानाच्या एका बाजूने हाक आली, "फ्री हिट", मग दुसऱ्या बाजूने, मग सगळीकडून. लोक हसत होते, पण ते हसणं घाबरलेलं होतं. गयानाच्या कर्णधाराने लाँग ऑनचा एकमेव माणूसही आत बोलावला. समोरचं अख्खं मैदान मोकळं झालं.

"बघ," पर्सॉद हळूच म्हणाला. "तुझ्यासाठी अंगण झाडून ठेवलंय."

अडोनिस धावत आला. हात वर गेला, आणि टारीकला त्याच्या हाताची मागची बाजू दिसली.

हळू चेंडू. मनगट उलटं करून टाकलेला. दुबईत रात्रीच्या दिव्यांखाली टारीकने असे शेकडो बघितले होते. तो हातातून सुटण्याआधीच टारीकला कळलं की हा तरंगत येणार, ऑफ स्टंपवर पडणार आणि बाहेर वळणार. असे चेंडू त्याने छपरांवर फेकले होते. हातांनी तयारी केली.

मग चेंडू येईना. म्हणजे येत होता, पण सबंध दिवस त्याच्यामागे उभा असल्यासारखा सावकाश येत होता. शिवण तिरकी फिरताना दिसत होती. भेग कुठे आहे ते टारीकला ठाऊक होतं. चेंडू तिच्या अलीकडे पडणार हेही ठाऊक होतं. अलीकडे पडलेला बसत नाही, म्हणजे हा पुरेसा वळणार. टारीकचा मागचा पाय यष्टीसमोर आला. बॅट पुढे निघाली, आणि हात वर गेले.

चेंडू ऑफ स्टंपच्या बाजूने गेला. त्याने तो पर्सॉदच्या हातमोज्यांपर्यंत जाताना पाहिला.

बेल्स जागेवर होत्या. मिस्टर इनिस यांनी शांतपणे त्या उचलून खिशात टाकल्या. सामना अनिर्णित राहिला.

फोर्डने टारीकला जमिनीवरून उचललं. अडोनिस गुडघ्यांवर हात ठेवून वाकला होता. तो सरळ झाला आणि त्याने टारीकचा हात हातात घेऊन बराच वेळ सोडला नाही. पर्सॉद चेंडूकडे बघत होता.

"सोडलास," तो म्हणाला.

"फ्री हिट नव्हती ना."

झाडाखाली बॅब उभा होता, हातात मॉबीचा, झाडाच्या सालीच्या कडवट सरबताचा, ग्लास. टेबलावर अर्धा डाव तसाच मांडलेला होता. मिस इओनाच्या मुठीत एक सोंगटी होती. घामाने तिच्यावरचे ठिपके चमकत होते.

"टेबल पुन्हा कधी थांबलं?" टारीकने विचारलं.

"मी आउट होऊन इथे आलो तेव्हाच थांबलेलं होतं," बॅब म्हणाला. "मला वाटलं माझ्या दुःखात थांबलंय. पण नंतरही कुणी आपटेना. तुला ऐकू आलं नाही?"

टारीकने आठवून बघितलं. वारा आठवला, अडोनिसची पावलं आठवली, शिवण आठवली. आवाज थांबल्याचं मात्र कुठेच आठवेना.

"नाही," तो म्हणाला.

बॅबने मान डोलावली आणि मॉबीचा ग्लास त्याच्या हातात दिला.

लॅश्ली मागून आले. त्यांनी टारीककडे न बघता खेळपट्टीवर ताडपत्री ओढणाऱ्या माणसांकडे बघितलं.

"स्वेटर आहे का तुझ्याकडे?" त्यांनी विचारलं. "पांढरा. चांगला जाड."

"नाही."

"घे एक. इंग्लंडमध्ये संध्याकाळी गार पडतं, आणि तिथला दिवस आपल्यापेक्षा मोठा असतो."

ते निघून गेले. टारीक तसाच उभा राहिला.

"फ्री हिट," मिस इओना म्हणाली, "जरा बाजूला हो, बाबा. उजेड अडतोय." आणि दुपारपासून मुठीत धरलेली सोंगटी तिने टेबलावर आपटली.