किल्ली फिरली, मी हलले नाही

मी एक जुनी व्हॅन आहे, मित्रांनो. रंग फिकट हिरवा, आणि जिथे तो उडाला तिथे गंज. एकदा एका माणसाचा जीव माझ्यावर अवलंबून होता आणि मी जागची हलले नाही. त्याची ही हकिकत.

पहिली काही वर्षे मी अमेरिकेत, युटा राज्यातल्या एका बेकरीचा पाव वाहिला. बेकरी बंद पडली तेव्हा मेरिलने मला घरी नेले. शाळेत सुतारकाम शिकवून तो नुकताच निवृत्त झाला होता. अख्खा उन्हाळा खपून त्याने माझ्या पोटात पाइनच्या लाकडाचा पलंग केला, कपाटे केली, शेगडीसाठी ओटा केला. त्याची बायको व्हर्ला दारात उभी राहून टोमणे मारायची.

"माझ्या स्वयंपाकघरात एक फळी ठोकायला तुला वेळ नव्हता. हिला मात्र राजवाडा!"

"ती मागत नाही ना, म्हणून द्यावंसं वाटतं," तो हसायचा.

उन्हाळ्याची गर्दी ओसरली की दर हिवाळ्यात आम्ही वाळवंटातल्या राष्ट्रीय उद्यानात मुक्कामाला जात असू. लाल खडकांवर बर्फाची साय धरलेली असे. ती दोघे दिवसभर दऱ्यांतून हिंडत आणि थंडीने काकडून माझ्यात शिरत. मग राजमा शिजे, कोको उकळे, माझ्या काचांवर वाफ धरे. येणारेजाणारे आत डोकावून माझी वाखाणणी करत. ते माझे सुखाचे दिवस होते.

पुढे व्हर्लाचा खुबा दुखावला. फिरणे थांबले आणि मी कोठाराच्या मागे उभी राहिले. उंदरांनी गादी कुरतडली. बॅटरी आतल्या आत मरत चालली होती. पण बोनेट उघडून कोणी पाहिले नाही. एका जानेवारीत मेरिलच्या मनात पुन्हा वाळवंट भरले.

"आधी बॅटरी बदल," व्हर्ला म्हणाली.

"अगं, झाली की चालू! काय रडतेस?"

कच्च्या रस्त्याच्या टोकाला, दरीच्या तोंडाशी आम्ही उतरलो. दुसरे कोणी नव्हते. फोन लागत नव्हता. सकाळी मेरिल काठी घेऊन दरीत गेला. "जेवायला येतोच," म्हणाला.

जेवण निवून गेले. आभाळ दाटले, बर्फ भुरभुरू लागला. व्हर्ला हाका मारून थकली. मदत आणायला ती माझ्या स्टिअरिंगपुढे बसली आणि तिने किल्ली फिरवली. टक्. पुन्हा फिरवली. टक्. मित्रांनो, मी सगळा जीव एकवटला. माझ्याजवळ एक ठिणगीही नव्हती.

"ऊठ गं बाई," ती स्टिअरिंगवर डोके टेकून म्हणाली. "तुझ्या पाया पडते, ऊठ."

मी उठले नाही. खुबा ओढत ती रस्त्याने निघाली, बर्फात दोनदा पडली आणि परत आली. ती रात्र कशी गेली ते मला सांगवत नाही.

उजाडले तेव्हा आभाळ स्वच्छ होते आणि थंडी हाडे फोडत होती. व्हर्ला बराच वेळ कपाटांकडे पाहत बसली. मग तिने चाक बदलायचा लोखंडी दांडा उचलला. मेरिलने रंधा मारून, घासून गुळगुळीत केलेल्या फळ्या एकेक उखडताना ती रडत होती, आणि शिव्याही देत होती. "मूर्खा! हट्टी म्हाताऱ्या! मरू नकोस!" पलंग गेला, कपाटे गेली. बाहेर जाळ भडकला आणि त्यावर तिने माझे जादा टायर लोटले.

काळाकुट्ट धूर सरळ आभाळात चढला.

तो दोघांनी पाहिला. लिओटा नावाची रेंजर दुरून आपली गाडी दामटत आली. आणि दरीत, निसरड्या खडकावरून पडून घोटा मोडलेल्या मेरिलने पाहिला. आशा सोडून तो कपारीत पडला होता. धूर दिसल्यावर तो कोपरांवर सरपटत उघड्यावर आला. लिओटाच्या माणसांना तो तिथेच सापडला.

तो जगला. पण डाव्या पायाची बोटे थंडीने मेली होती. ती कापावी लागली. आता त्याला दऱ्या नाहीत, चढण नाही. इस्पितळातून आल्यावर तो माझ्या दारात कुबड्यांवर उभा राहिला आणि रिकाम्या पत्र्याकडे बघत राहिला.

"सगळंच जाळलंस?"

"तुझी काठी तेवढी जाळायची राहिली. ती तू आधीच हरवली होतीस," व्हर्ला म्हणाली आणि तिला हुंदका फुटला.

त्याने माझ्या दारावर हात ठेवला. "हिला बघायला हवं होतं गं मी," एवढेच तो म्हणाला.

मित्रांनो, तो हात मला हवा होता, पण त्याच्या चालत्या पायांच्या बदल्यात नको होता. आम्हाला तोंड नसते. आमचे दुखणे तुम्हीच विचारायचे असते, तेही घरच्या अंगणात, ऊन असताना. दूर माळावर, बर्फ पडत असताना तुम्ही आमच्या पाया पडलात, तरी आमच्या हातात काही उरलेले नसते.