उतरत गेलेली घोडी

ग्रानादात गोमेरेसच्या चढणीवर आदेलाचं गिटारींचं दुकान होतं. वडिलांमागं तिनं ते एकटीनं चालवलं होतं, आणि धाकटा भाऊ फेर्मीन उभ्या जन्मात तिनं घडवलेल्या गिटारीखेरीज दुसऱ्या कशावर वाजवायला बसला नव्हता. मग त्याला पक्षाघाताचा झटका आला. आठ महिन्यांनी तो हिंडूफिरू लागला, पण डाव्या हाताच्या बोटांत तार दाबण्याइतकी ताकद काही परतली नाही.

"ताई, तारा जरा खाली आण," तो म्हणाला. "घोडी उतरव."

तारा ज्या घोडीवर टेकतात, तिच्यावरची हाडाची पट्टी तिनं मिलिमीटरभर घासली. आठवड्यानं तो पुन्हा दारात. तारा उंचच लागतात म्हणे. तिनं मापून पाहिलं, माप चोख होतं. पण आजारातून उठलेल्या माणसाशी वाद कुठं घालायचा, म्हणून तिनं पट्टी आणखी घासली, त्यानंतरच्या खेपेला घोडीचं शिसवी लाकूडच रंध्यानं उतरवलं. चौथ्या खेपेला तारा गिटारीच्या दांडीवरच्या पडद्यांवर खडखडू लागल्या.

"आता आणखी उतरवली, तर ही वाजायचीच नाही, फेर्मीन."

"वाजवायचंय कुणाला? मला की तुला?"

ते तिला लागलं. दोन दिवस तिनं गिटारीला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी तिनं घोडी इतकी तासली, की सहाच्या सहा तारा पडद्यांवर आडव्या पडल्या. तिनं एक छेडली. नुसतं 'टक' झालं. स्वतःच्याच हातानं काहीतरी मारून टाकल्यासारखं तिला वाटलं. आता डोळ्यांनी पाहील आणि हट्ट सोडील, असं म्हणून भर दुपारी ती गिटार घेऊन त्याच्या घरी गेली.

फेर्मीननं गिटार मांडीवर घेतली, डोळे मिटले आणि वाजवू लागला. बोटं सरसर फिरत होती, झटक्याआधी फिरायची तशी. आदेलाला मात्र नखांची लाकडावरची टकटक तेवढी ऐकू येत होती.

स्वयंपाकघरातून लोरेतो, त्याची बायको, ओरडली, "अगंबाई! वन्सं, काय हात आहे हो तुमचा! असा सूर तर त्याचा लग्नातसुद्धा लागला नव्हता!"

चौकापलीकडच्या खिडकीतून म्हाताऱ्या बासिलिओनं "ओले!" अशी दाद दिली. खाली कुणीतरी नळ बंद केला. लोरेतो ठेक्यावर टाळ्या वाजवू लागली.

आदेलानं हलकेच गिटारीच्या तबलीवर तळवा ठेवला. लाकूड गार होतं, त्यात कणभरही कंप नव्हता. तिनं एप्रनच्या खिशातला सूर लावायचा नादकाटा काढला, गुडघ्यावर आपटला आणि कानाशी धरला. त्याचा सूर तिला लख्ख ऐकू आला.

"फेर्मीन," ती कशीबशी म्हणाली, "थांब रे."

त्यानं डोळे उघडले. गाल ओले झाले होते. आज्ञाधारकपणे त्यानं दोन्ही हात तारांवरून उचलले आणि गुडघ्यांवर पालथे ठेवले.

आत लोरेतोच्या टाळ्या आता दुगणीत चालल्या होत्या, आणि पलीकडच्या खिडकीत बासिलिओ डोळे मिटून मान डोलावत होता.