पाहुण्यांसाठी लिंपलेल्या पायऱ्या

आमच्या घरातून मोठ्या रस्त्यावर जायला एकच वाट आहे, ती म्हणजे पायऱ्या. टेकडीच्या अंगावरून वाकड्यातिकड्या उतरणाऱ्या, बाजूला कठडा नसलेल्या, आणि मधल्या टप्प्यात तर कडा झडून दातपडक्या झालेल्या. मी त्या एकाआड एक गाळत उतरते. आत्या बसून उतरते.

बसून म्हणजे खरंच बसून. लहानपणीच्या तापात तिचा डावा पाय लुळा पडला. सपाटीवर ती कुबड्या घेऊन माझ्यापेक्षा भरभर चालते. पण झडलेल्या पायरीवर कुबडी टेकली की घसरते, आणि एकदा अशी घसरली तेव्हा आत्याचं मनगटच मोडलं. तेव्हापासून खाली जायचं असलं की ती कमरेमागे पोत्याचा जाड तुकडा बांधते, कुबड्या माझ्या हातात देते आणि एकेक पायरी सरकत जाते. कुणी बाजूला होत ‘अरेरे’ केलं तर म्हणते, “घसरगुंडी आहे. तिकीट काढलंय मी, तुम्ही सरका.”

लोक हसतात. मी कुबड्या धरून मागे चालत असते, मला तिची पाठ दिसते. मला हसू येत नाही.

आत्या कपडे दुरुस्त करते. चेन बसवणं, पँटी आखूड करणं, फाटलेलं असं रफू करणं की फाटलं कुठे होतं ते शोधत बसावं. गिऱ्हाईक मात्र टेकडी चढून येत नाही. खाली बाजारात एक चपलांचं दुकान आहे. तिथल्या दुकानदाराने अर्धा गाळा तिला द्यायचं कबूल केलं होतं, फक्त एकदा विचारलं, “रोज येणं कसं जमवाल?”

“रस्ता होतोय,” आत्या म्हणाली.

होणारच होता. शहराने रोखे काढले होते. रोखे म्हणजे काय ते मला आत्यानेच सांगितलं. “शहराने लोकांकडून हातउसने घेतलेत. पूल, गटारं, फुटपाथ, पायऱ्या, जे मोडलंय ते नीट करायला.”

“आणि फेडणार कोण?”

“तू. वीस वर्षं, घरपट्टीतून. आत्तापासून पोटाला चिमटा काढ.”

यादीत आमच्या पायऱ्याही होत्या. सरळ उतार, दोन्ही बाजूंना कठडा, वळणावर टेकायला बाक. चित्रसुद्धा छापलं होतं, त्यात चाकाच्या खुर्चीतली एक बाई हसत होती. आत्याने ते मशीनच्या वर चिकटवलं. म्हणाली, “एवढी मी कधीच हसणार नाही, पण चालेल.”

मग निरोप आला की पाहणीला साहेब येणार. शहरभर फिरून कुठलं काम किती बिघडलंय ते ठरवणार, आणि त्याप्रमाणे आधी कोण, नंतर कोण हे लागणार.

इथे मला आईबद्दल सांगायला हवं. आई इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करते. सुरकुती पडलेली चादर तिला माणसाच्या अपमानासारखी वाटते. बाबा ट्रकवर असतात, ते घरी यायचे असले तरी आदल्या दिवशी ती डबे घासते. साहेब येणार हे कळल्यावर ती दारात उभी राहून पायऱ्यांकडे बघत राहिली आणि म्हणाली, “परका माणूस येणार, आणि हे असं दाखवायचं?”

झालं. आमच्या शेजारी गवंडीकाका राहतात. आईने त्यांना गाठलं. कुठल्या तरी कामावरचं उरलेलं सिमेंट आलं, शेजारच्या बायका घमेली घेऊन आल्या, झडलेल्या कडांना गिलावा बसला. कुणीतरी उरलेला निळा रंग आणला. मीसुद्धा ब्रश घेऊन नाचत होते, कारण पायऱ्या खरंच देखण्या दिसायला लागल्या होत्या. गवंडीकाका एवढंच पुटपुटले, “वहिनी, हे वरवरचं आहे हं. आतून पोकळ आहे सगळं.”

“पाहुणे जाईपर्यंत टिकलं की पुरे,” आई म्हणाली.

साहेब आले. तरुण होते, हातात टॅब, बुटांना चिखल नाही. आईने त्यांना बसवलं, चहा दिला, पंखा त्यांच्याकडे वळवला. ते म्हणाले, “वा, किती छान ठेवलंय तुम्ही सगळं.” आई अशी लाजली की मला फारच गोड वाटलं. आत्याने मशीनवरून मान वर करून सांगितलं, “साहेब, मला उतरता येत नाही.” ते म्हणाले, “हो हो, घेतलंय मी ते.” आणि टॅबवर बोट टेकवून निघून गेले. उतरताना त्यांनी खाली बघितलंसुद्धा नाही. कशाला बघतील? पायऱ्या नव्या होत्या.

यादी लागली तेव्हा आम्ही तळाला होतो. आमच्या नावापुढे ‘स्थिती : चांगली’. याचा अर्थ या रोख्यांतून काही नाही, पुढचे रोखे निघतील तेव्हा बघू. वर कोण होतं? नाट्यगृहासमोरचा फुटपाथ. माझ्या आठवणीत तो दोनदा उखडून दोनदा बसवलाय. पण तिथल्या दुकानदारांनी एक फरशीसुद्धा स्वतः बसवली नव्हती. फुटली तर फुटली म्हणून ठेवली होती. त्यामुळे त्यांची स्थिती ‘धोकादायक’.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

आत्याने मशीनवरचं चित्र काढलं नाही. फक्त त्या दिवशी तिने रेडिओ लावला नाही, आणि रेडिओशिवाय ती कधी शिवत नाही. चपलावाल्याचा निरोप आला की अर्ध्या गाळ्याला दुसरं गिऱ्हाईक आहे, महिनाअखेरीपर्यंत तो थांबेल. आई ओट्याशी, आमच्याकडे पाठ करून उभी होती. बराच वेळ तिने एकच पातेलं घासलं.

मी म्हटलं, “मी यादीवरच्या सुनावणीला जाणार.”

“तिथे मोठी माणसं बोलतात,” आई म्हणाली.

“जाऊ दे भोंग्याला,” आत्या म्हणाली. शाळेच्या मैदानावर मी माईक बंद पडल्यावरही शेवटच्या रांगेपर्यंत बोलले होते, तेव्हापासून मी भोंगा. “घरात वाजतो त्यापेक्षा तिथे वाजलेला बरा.”

सुनावणीच्या दालनात भिंतभर नकाशा होता. लाल ठिपके आधी, पिवळे नंतर, हिरवे कधीच नाही. आमची टेकडी हिरवीगार. नियोजनाच्या बाई मध्ये बसल्या होत्या, चष्मा कपाळावर. त्या तुसड्या नव्हत्या. तुसड्या असत्या तर बरं झालं असतं. त्या इतक्या नीट बोलत होत्या की चिडायला जागाच सापडेना. शेवटी मी ती केली.

“मॅडम, आमच्या पायऱ्या चांगल्या नाहीत. आम्ही त्या चांगल्या दाखवल्या.”

“म्हणजे?”

“म्हणजे साहेब येणार म्हणून लिंपल्या. तुमच्या घरी पाहुणे आले तर तुम्ही पसारा तसाच ठेवता का?”

मागे कुणीतरी खुसखुसलं. बाई म्हणाल्या, “हे बघ बाळ, पाहणीच्या दिवशी जशी स्थिती होती तशीच नोंद होते. आम्हाला सगळ्यांना एकच मोजमाप लावावं लागतं.”

“मग ते मोजमाप असं सांगतं की स्वतःहून काही नीट करू नका. मोडलेलं तसंच ठेवा, म्हणजे पैसे मिळतील. नाट्यगृहवाल्यांना हे माहीत होतं. आम्हाला कुणी सांगितलं नाही.”

“तसा अर्थ काढू नये.”

“दुसरा कुठला काढू? तुम्ही सांगा, मी तो काढते.”

माझे कान तापले होते, पण आवाज कापत नव्हता, आणि ते कळल्यावर मला आणखीच जोर आला.

“तुमचे रोखे वीस वर्षांचे आहेत. मी आज पंधराची आहे. ते फिटतील तेव्हा मी पस्तिशीची असेन, म्हणजे तुम्ही आज जो फुटपाथ तिसऱ्यांदा बसवताय त्याचे पैसे मी भरणार आहे. इथे बसलेल्यांतले अर्धे तोवर निवृत्त होऊन बागेत फिरत असतील. त्याच फुटपाथवरून. आणि माझी आत्या तेव्हाही पोतं बांधून, बसून, खाली सरकत असेल. बसून, मॅडम. तुम्ही कधी बाजारात बसून गेलाय का?”

बाईंनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. माझ्याकडे नीट बघितलं, मग समोरच्या नियमांकडे. “स्थिती बदलली असेल तर पुन्हा पाहणी मागता येते,” त्या म्हणाल्या. “महिनाअखेरीच्या आत. त्यापलीकडे माझ्या हातात काही नाही. खरंच नाही.”

घरी येऊन मी सगळं तावातावाने सांगितलं. “बदलली असेल तर! म्हणजे आता आपण काय, पायरी मोडायची वाट बघायची? आत्या पुन्हा पडली की बदलली म्हणणार का ते?”

आत्या सुईत दोरा ओवत होती. आई मात्र उठली. मोरीमागून गवंडीकाकांची विसरलेली छिन्नी आणि हातोडा घेऊन बाहेर गेली, आणि आपणच लिंपलेल्या पहिल्या पायरीशी उकिडवी बसली.

“आई, काय करतेयस?”

“पाहुणे गेले,” ती म्हणाली. “आता आवरलेलं विस्कटते.”

पहिल्याच घावाला निळा गिलावा पापडासारखा सुटला. खाली भुसभुशीत माती आणि हवा. गवंडीकाका आवाज ऐकून धावत आले, बघितलं, आणि दुसरा हातोडा आणायला गेले. बायकाही आल्या. एक जण म्हणाली, “अजून थोडं खणूया की, म्हणजे चांगलंच धोकादायक दिसेल.”

“नाही,” आई म्हणाली. “जेवढं आपण लावलं तेवढंच काढायचं. खोटं एकदा करून झालंय.” तिचे डोळे कोरडे होते, पण हातोडा असा पडत होता की जणू पायरीने तिला शिवी दिली होती. मी तिला कधी रागावलेली बघितलीच नव्हती, हे मला तेव्हा कळलं. वैतागलेली बघितली होती, दमलेली बघितली होती. रागावलेली ही अशी असते.

काढलेले निळे तुकडे आम्ही घमेल्यात भरून दाराशी ठेवले, आणि मोडक्या टप्प्याला दोरी बांधली.

आम्ही पुन्हा पाहणी मागितली, आणि तेच साहेब आले. धापा टाकत वर पोचले, घमेल्याकडे बघितलं, आईकडे बघितलं. खुर्ची बाहेर होती, पण आई ‘बसा’ म्हणाली नाही. चुलीवर आधण नव्हतं. पंखा भिंतीकडे होता. दारात आलेल्या माणसाला आईने उभं ठेवलं, हे तिच्या उभ्या आयुष्यात पहिल्यांदा झालं असेल.

“हे तुम्ही मुद्दाम काढलंत?” साहेबांनी विचारलं.

“मुद्दाम लावलं होतं,” आई म्हणाली. “काढलं ते खरं आहे.”

साहेबांनी टॅब वर केला, फोटोसाठी. तेवढ्यात आत्या दारातून बाहेर आली. कमरेला पोतं बांधलेलं. कुबड्या माझ्याकडे दिल्या आणि वरच्या पायरीवर बसली.

“फोटो नंतर काढा साहेब. मी बाजारात निघालेय. या माझ्या मागून.”

वाट इतकी अरुंद की तिला ओलांडून जाता येत नाही. साहेबांना तिच्या वेगानेच उतरावं लागलं. ती दोन्ही हातांवर भार घ्यायची, अंग उचलायची, खाली ठेवायची, पाय हाताने धरून पुढे घ्यायची. साहेब थांबायचे. पुन्हा एक पायरी. पुन्हा थांबायचे. मोडक्या टप्प्यात खडे तिच्या तळव्यांत रुतले, ते तिने झटकले आणि पुढे सरकली. साहेब एकदा म्हणाले, “मी हात देऊ का?”

“हात आहेत मला,” आत्या म्हणाली. “कठडा द्या.”

मी त्यांच्या मागे होते, आणि त्यांची मानेमागची कॉलर घामाने भिजत गेलेली मला दिसत होती. मला त्यांची जरासुद्धा दया आली नाही. येईल कधीतरी, मी मुळात वाईट मुलगी नाही, पण त्या दिवशी नाही.

खाली त्यांची गाडी उभी होती. त्यांनी टॅब काढला. मी शेजारी जाऊन उभी राहिले, अगदी खांद्याला खांदा लावून. “मला दिसेल असं लिहा.”

त्यांनी ‘चांगली’ खोडलं. ‘धोकादायक’ निवडलं. मग शेऱ्याच्या चौकटीत, कुणी न सांगता, टाइप केलं : ‘मागची नोंद माझी होती आणि चुकीची होती.’ पाठवलं.

“समितीपुढे जाईल,” ते म्हणाले. “या खेपेला घेतील, असं वाटतं. नक्की नाही सांगत.”

“नक्की सांगूच नका,” मी म्हटलं. “मी येतेच आहे तिथे पुन्हा.”

त्यांनी गाडीचं दार उघडलं. आत्या तळव्यांवरची धूळ झटकत पायरीवरच बसून होती. चपलावाला दुकानाच्या दारात येऊन आमच्याकडे बघत होता. आत्याने त्याला हात केला, म्हणजे थांब, अजून महिना संपला नाही. मग ती साहेबांकडे वळली.

“निघालात? तुम्ही उतरणं बघितलंत,” ती म्हणाली. “मला रोज चढायचंही आहे.”

साहेबांनी एकदा वर टेकडीकडे बघितलं. मग गाडीचं दार लावलं, ड्रायव्हरला थांबायला सांगितलं, आणि परत पहिल्या पायरीशी आले.